सलीमच्या पायाची पट्टी

ग्लासगो शहरातला १९३६ सालचा एक फोटो आहे. सेल्टिक फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक जिमी मॅकमेनमी एका हिंदी खेळाडूच्या पायाला पट्टी बांधताहेत. मॅकमेनमी स्वतः त्या क्लबचे एकेकाळचे गाजलेले खेळाडू. समोरच्या माणसाच्या पायात बूट नाहीत, आणि तसाच तो थोड्या वेळाने मैदानात उतरणार आहे. त्याचं नाव मोहम्मद सलीम. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचा हा खेळाडू. युरोपातल्या क्लबकडून खेळलेला भारतीय उपखंडातला पहिला फुटबॉलपटू म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

हा फोटो अधूनमधून आपल्या मोबाइलवर येतो. सोबत दोन ओळी असतात : अनवाणी पायांनी गोऱ्यांना थक्क करणारा मुसलमान. आपण ‘माशाअल्लाह’ लिहितो आणि तो पुढे पाठवतो. अभिमान वाटण्यात गैर काहीच नाही. पण या फोटोत खरी बोलकी गोष्ट आहे ती पट्टी. सलीमचा पाय पूर्ण उघडा नव्हता आणि बुटातही नव्हता. आपल्या फुटबॉलचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास या मधल्या जागेत घडला आहे. ती जागा समजून घेतली, तर अनवाणी खेळाविषयी आपल्या मनात बसलेल्या दोन-तीन गोष्टी तपासून पाहाव्या लागतात.

पट्टी नेमकं काय करते?

आधी साधा प्रश्न. फुटबॉलपटू घोट्याला आणि बुटाला टेप का लावतात?

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लहान अस्थिबंध असतात. ते हाडांना जागेवर धरून ठेवतात. धावताना पाऊल आतल्या बाजूला वळलं की सगळा ताण त्यांच्यावर येतो. आपण म्हणतो, पाय मुरगळला. फुटबॉलमध्ये अचानक वळणं, उडी मारून खाली येणं, दुसऱ्याच्या पायावर पाय पडणं हे सतत चालू असतं, त्यामुळे ही दुखापत नेहमीची. चिकट टेप घोट्याभोवती ठरावीक पद्धतीने गुंडाळली की पाऊल आत वळण्याची मुभा कमी होते. न्यूयॉर्कचे डॉक्टर व्हर्जिल गिब्नी यांनी १८९५ साली मुरगळलेल्या घोट्यावर चिकट पट्ट्यांचा उपचार लिहून ठेवला. टोपली विणावी तशा आडव्या-उभ्या पट्ट्या बसवायच्या आणि रुग्णाला कुबड्यांशिवाय चालतं ठेवायचं. आजही जगभरचे फिजिओ थोड्याफार फरकाने तेच करतात.

मात्र टेपची ताकद फार टिकत नाही. घाम आणि धावपळ यांमुळे ती अर्ध्या तासाच्या आत बरीच सैल होते. ज्याचा घोटा पूर्वी एकदा मुरगळला आहे त्याला तिचा सर्वांत जास्त फायदा होतो. पट्टीचा स्पर्श सतत जाणवत राहतो आणि खेळाडू पाऊल जपून टाकतो, हाही तिचा एक उपयोग सांगितला जातो. ज्याला दुखापतच झालेली नाही, त्याला टेपपेक्षा एका पायावर तोल सांभाळण्याचा रोजचा व्यायाम अधिक उपयोगी पडतो.

मोज्यांवरून जी टेप दिसते, तिचं काम वेगळं. ती नडगीवरचं शिनगार्ड आणि मोजा खाली सरकू देत नाही. तिचा रंग मोज्यासारखाच असावा, असा फुटबॉलचा नियमच आहे. अमेरिकन फुटबॉल हा निराळा खेळ. त्यात काही खेळाडू बुटावरूनच टेप गुंडाळतात, म्हणजे बूट आणि घोटा एकसंध होतात. त्याला ‘स्पॅटिंग’ म्हणतात. जुन्या काळी साहेब लोक बुटावर ‘स्पॅट’ नावाचं कापडी आवरण चढवत, त्यावरून हे नाव आलं. या टेपखाली बूट बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह झाकलं जातं, म्हणून तिथे त्यावरून वादही झाले आहेत.

अनवाणी खेळाडूची पट्टी या सगळ्यांहून निराळी. ती सुती असे, पावलाच्या मधल्या भागावर आणि घोट्याभोवती फिरवलेली, बोटं मोकळी ठेवणारी. घोट्याला आधार मिळे, समोरच्याच्या बुटाचे स्टड घासले तर कातडी थोडी वाचे, आणि चेंडूचा स्पर्श मात्र पायाला कळत राही. त्या काळचे बूट घोट्याच्या वर येणारे, जाड चामड्याचे, पुढून कडक आणि वजनाला जड असत. लहानपणापासून मोकळ्या पायाने खेळलेल्या माणसाला असा बूट घातला की चेंडू परका वाटे. म्हणजे पट्टी ही विचार करून केलेली निवड होती.

कोरडं मैदान, ओलं मैदान

वर्गात एकदा हा विषय निघाला तेव्हा एका मुलाने विचारलं, “सर, आपले लोक गरीब होते म्हणून बूट घालत नव्हते ना?” प्रश्न रास्त होता. बूट महाग होते हे खरंच आहे. पण गरिबीने सगळं उत्तर मिळत नाही, हे कोलकात्याचा इतिहास दाखवतो.

२९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. त्या संघातले दहा जण अनवाणी होते. बूट घातलेले एकटे सुधीर चटर्जी. या विजयाचा आनंद मुस्लिम क्लबच्या लोकांनीही बेभान होऊन साजरा केला, अशी त्या काळच्या वृत्तांतांत नोंद आहे. पुढे जे कटुतेचे दिवस आले, ते पाहता ही नोंद आपण विसरता कामा नये.

पण त्या विजयानंतरही कोलकाता लीग भारतीय संघांच्या हाती लागत नव्हती. लीग १८९८ पासून सुरू होती आणि दरवर्षी कोणता तरी ब्रिटिश संघच ती जिंकत होता. याचं एक साधं कारण आभाळात होतं. लीगचे सामने मे ते जुलैच्या सुमारास होत. सुरुवातीला मैदान कोरडं आणि टणक असे, तेव्हा अनवाणी खेळाडू साहेबांना नाचवत. मग पाऊस पडे, मैदानाचा चिखल होई. उघडा पाय घसरू लागे, चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई आणि स्टडवाले बूट जमिनीत रुतून उभे राहत. सुरुवातीला मिळवलेलं पावसाळ्यात निसटून जाई.

मोहमेडन स्पोर्टिंगने हे ओळखलं. क्लबची स्थापना १८९१ ची, पण पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये तो १९३४ साली पोहोचला आणि पहिल्याच वर्षी विजेता ठरला. लीग जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. त्यानंतर १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं लीग त्यांचीच होती. १९३६ साली लीगबरोबर आयएफए शील्डही त्यांनी जिंकली. यामागे दोन गोष्टी होत्या. बंगलोर, पेशावर, क्वेट्टा अशा दूरच्या ठिकाणांहून त्यांनी खेळाडू आणले. आणि मैदान ओलं झालं की बूट घालून खेळायची तयारी त्यांनी केली. कोरड्या मैदानावर उघडा किंवा पट्टी बांधलेला पाय, चिखलात बूट. इतका साधा हिशेब.

हाच हिशेब युरोपात वीस वर्षांनी मोठी बातमी ठरला. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नमध्ये पाऊस पडत होता. पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या बुटांना आडी डास्लर यांनी बनवलेले, हवे तसे बदलता येणारे स्टड होते. हंगेरीवरच्या त्या ३-२ विजयाचं बरंच श्रेय आजही त्या स्टडना दिलं जातं. मैदानाप्रमाणे पाय बदलणं याला तिथे तंत्रज्ञान म्हटलं गेलं. आपल्याकडे मात्र मोहमेडनच्या विजयाची चर्चा कायम ‘मुसलमानांचा क्लब’ या दोन शब्दांभोवती फिरत राहिली. कुणी त्याकडे कौमचा जयजयकार म्हणून पाहिलं, कुणी जातीय राजकारणाचं प्यादं म्हणून. त्या काळच्या बंगालच्या राजकारणाची सावली क्लबवर होती, हे नाकारायचं कारण नाही. पण मैदानावर गोल राजकारणाने होत नाहीत. त्यामागची तयारी दोन्ही बाजूंच्या लोकांनी बाजूला ठेवली.

या विजयांचे पडसाद मुंबईपर्यंत आले होते. मुंबईच्या रोव्हर्स कपची सुरुवात १८९१ ची. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला बंगलोर मुस्लिम्स, १९३७ साली. १९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स आणि दिल्लीचा ड्युरँड हे दोन्ही कप नेले. ड्युरँड जिंकणाराही तो पहिलाच भारतीय संघ होता.

सलीम ग्लासगोत

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला निघालेला चीनचा संघ वाटेत भारतात सामने खेळला. सलीम त्यातला एक सामना खेळला आणि दुसऱ्याआधी दिसेनासाच झाला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका नातेवाइकाने त्याला सोबत नेलं होतं. कैरोमार्गे लंडन आणि तिथून ग्लासगो. त्या नातेवाइकाने सेल्टिकचे मॅनेजर विली मेली यांची भेट घेतली आणि हा माणूस अनवाणी खेळतो हेही सांगून टाकलं. मेलींना हसू आलं, तरी त्यांनी चाचणी घ्यायचं कबूल केलं. चाचणीत सलीम पास झाला.

सेल्टिकच्या दुसऱ्या फळीच्या संघातून तो दोन सामने खेळला. हॅमिल्टनविरुद्ध ५-१ आणि गॅल्स्टनविरुद्ध ७-१ असा विजय मिळाला. वर्तमानपत्रांनी त्याच्या पायांचं भरभरून कौतुक केलं, पण ते करताना त्याला जादूगाराच्या, हातचलाखीवाल्याच्या रांगेत बसवलं. हिंदुस्थान म्हणजे जादूटोणा, हा साहेबाचा जुना चष्मा. वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेलं कसब त्या चष्म्यातून दिसत नाही. मॅकमेनमींची नजर वेगळी होती. त्यांनी पाय हातात घेतला आणि त्याला जे हवं ते बांधून दिलं. ‘आधी बूट घाल, मग खेळ’ अशी अट क्लबने ठेवली नाही.

सलीमला घरची ओढ लागली आणि तो परत आला. मोहमेडनकडून पुन्हा खेळू लागला. पुढे तो आजारी असताना त्याच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिलं. मुलाने सांगितलेल्या आठवणीप्रमाणे त्याला मदत नको होती, क्लबला आपले वडील आठवतात का एवढंच पाहायचं होतं. शंभर पौंडांचा ड्राफ्ट आला. घरच्यांनी तो वटवला नाही, जपून ठेवला. सलीम १९८० साली वारला. आपल्या देशातल्या किती जणांना तेव्हा तो आठवत होता, याचं उत्तर सुखाचं नाही.

पायावर फोडलेलं खापर

स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला तो १९४८ साली लंडनला. ३१ जुलैला फ्रान्सविरुद्ध सामना होता. कर्णधार होते नागा टेकड्यांतून आलेले डॉ. तालिमेरेन आओ. अकरांपैकी आठ जण बुटांशिवाय उतरले, काहींच्या पायांना पट्ट्या, काहींच्या पायांत नुसते मोजे. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या. सारंगपाणी रामनने बरोबरीचा गोल केला आणि शेवटच्या क्षणी फ्रान्सने २-१ असा सामना जिंकला. हरूनही प्रेक्षकांनी या संघाला डोक्यावर घेतलं.

दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये विश्वचषक झाला. पात्रता गटातले इतर संघ बाहेर पडल्याने भारताला जागा आपोआप मिळाली होती. आपला गट ठरला होता : इटली, स्वीडन, पॅराग्वे. आपण गेलो नाही. का? शाळकरी पोरापासून टीव्हीवरच्या समालोचकापर्यंत सगळे एकच उत्तर देतात : फिफाने अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून.

हे उत्तर टिकत नाही. फुटबॉल महासंघाने तेव्हा दिलेली कारणं संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला न मिळालेला वेळ ही होती. त्या काळातले आपले दिग्गज बचावपटू शैलेन मन्ना यांनीही पुढे बुटांचं कारण नाकारलं होतं. खरी गोष्ट अशी की त्या वेळी आपल्या पदाधिकाऱ्यांना ऑलिंपिक महत्त्वाचं वाटत होतं, विश्वचषकाची किंमत कळलेली नव्हती. निर्णय टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी घेतला आणि खापर फुटलं ते खेळाडूंच्या पायावर. ज्या देशातल्या क्लबने १९३४ मध्येच पाऊस पाहून बूट चढवले होते, तिथल्या खेळाडूंना १९५० मध्ये बूट घालता आले नसते, हे पटतं का?

मला ही दंतकथा साधी वाटत नाही, ती यामुळे. ती ऐकायला गोड आहे, कारण तिच्यात आपण भोळे आणि जग दुष्ट. पण ती मान्य केली की खेळाडू अडाणी ठरतो आणि पदाधिकारी सुटतात.

बूट खरोखर हवे होते तिथेही नव्हते, हेही सांगायला हवं. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. थंडी होती, आणि आपले अनेक खेळाडू बुटांशिवाय होते. आपला एकमेव गोल बंगलोरच्या अहमद खानचा. अनवाणी खेळावर जीव असलेल्यांनाही तो निकाल पाहून गप्प बसावं लागलं. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले.

रहीम मास्तरांचं काम

सक्ती कागदावर होते. पायांना नवी सवय लावावी लागते ती मैदानावर. हे काम ज्यांच्या हातून झालं ते सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. हैदराबादच्या शाळांमधून त्यांनी शिकवलं. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला.

रहीम साहेबांची पद्धत मला शिक्षक म्हणून फार जवळची वाटते. चेंडू पायात घोळवत ठेवण्याची सवय मोडायची म्हणून ते ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामने घेत. डावा पाय कच्चा असेल तर फक्त कच्च्या पायाने खेळायचे सामने. मुलाच्या चुकीवर ओरडण्यापेक्षा ती दुरुस्त होईल असा खेळच रचायचा. बीएडच्या पुस्तकात हेच आम्ही मोठमोठ्या शब्दांत वाचतो.

निकाल पाहा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल आपण केला, शेवटी ४-१ ने हरलो. चार वर्षांपूर्वीच्या १०-१ शेजारी हा आकडा ठेवला की मधलं काम दिसतं. भारत चौथा आला.

१९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आणखी एक पट्टी दिसली, या वेळी डोक्यावर. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम साहेबांनी त्यांना बाहेर बसवलं नाही आणि बचावातही ठेवलं नाही. पुढच्या फळीत खेळवलं. त्यांनी उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला. दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ असा विजय आणि सुवर्णपदक. त्या संघात पंजाबचे शीख होते, गोव्याचा फ्रँको होता, बंगालचे चुनी गोस्वामी कर्णधार होते, हैदराबादचे युसुफ खान होते. रहीम साहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्या वर्षी ११ जून १९६३ रोजी त्यांचं निधन झालं. भारतीय फुटबॉलने तशी उंची पुन्हा गाठली नाही.

मुलांना काय सांगायचं?

आमच्या शाळेच्या मैदानावर आता मुलं घोट्याला रंगीत टेप लावून येतात. टीव्हीवरच्या खेळाडूंना पाहून लावतात, बहुतेकांना दुखापत झालेली नसते. ज्याचा पाय खरोखर सुजलेला असतो तो मात्र टेप घट्ट बांधून, कुणाला न सांगता खेळायला उतरतो, कारण संघातली जागा जाईल अशी भीती असते. दोघांनाही मी सलीमचा फोटो दाखवतो. पट्टी शोभेसाठी नसते आणि दुखणं लपवण्यासाठीही नसते. सुजलेल्या पायाला आधी विश्रांती, मग डॉक्टर, मग व्यायाम, आणि पट्टी त्यानंतर.

आणि इतिहासाबद्दल सांगतो ते असं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले हे खेळाडू लाचार नव्हते आणि जादूगारही नव्हते. जमीन पाहून, आभाळ पाहून, आपला पाय ओळखून ते ठरवत होते. कधी उघडा पाय, कधी पट्टी, कधी बूट. हेलसिंकीत हे ठरवणं चुकलं तेव्हा दहा गोल बसले, आणि एका शिक्षकाने नव्याने शिकवलं तेव्हा आपले खेळाडू ऑलिंपिकच्या पहिल्या चारांत आले. कौमचा अभिमान बाळगायचा असेल तर या शहाणपणाचा बाळगा. तो फोटो पुढच्या वेळी मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी मुलाला जवळ बसवा आणि मॅकमेनमींच्या हातातल्या त्या पट्टीवर बोट ठेवून विचारा, ही कशासाठी असेल सांग.